गोळी जिभेखालीच का?

मागच्या महिन्यात आमच्या नर्सिंगच्या मुलींचं पोस्टिंग चालू असताना वॉर्डात एक चक्कर मारली. खरं तर वॉर्ड हे माझं काम नाही, मी फार्माकोलॉजीची, म्हणजे औषधशास्त्राची, थिअरी शिकवते, क्लिनिकल बघणाऱ्या मॅडम वेगळ्या आहेत, पण आपण वर्गात जे बोलतो त्याचं खाली नेमकं काय होतं हे बघावंसं वाटतं म्हणून मधूनमधून जाते. बाहेर पाऊस, खिडक्या अर्ध्या लावलेल्या, फिनाइलचा वास आणि त्यात कुणाच्या तरी डब्यातल्या उपम्याचा वास मिसळलेला. कोपऱ्यातल्या कॉटवर एक आजोबा डिस्चार्जची वाट बघत बसले होते. छातीत दुखतं म्हणून आलेले, आता बरे होते, सून पिशवी भरत होती. सेकंड इयरची एक मुलगी त्यांना घरी न्यायच्या गोळ्या समजावून सांगत होती आणि फार छान सांगत होती. प्रत्येक पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून सकाळची कुठली, रात्रीची कुठली. मग सॉर्बिट्रेटची स्ट्रिप हातात घेऊन म्हणाली, "आणि ही फक्त छातीत दुखलं तरच. जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही." आजोबांनी स्ट्रिप डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि विचारलं, "का गं बाळा? बाकीच्या सगळ्या गिळतोच की. ही गिळली तर काय होईल?" ती थांबली. मग म्हणाली, "डॉक्टरांनी तसंच लिहिलंय आजोबा."

आजोबांनी मान हलवली. पटलं म्हणून नाही, विषय संपला म्हणून.

ह्याच मुलीने थोड्याच दिवसांपूर्वी टेस्टमध्ये फर्स्ट पास मेटाबॉलिझम लिहिलं होतं, आकृतीसकट, पोर्टल व्हेन निळ्या पेनाने काढलेली, उदाहरण म्हणून नायट्रेट्स, म्हणजे सॉर्बिट्रेटचीच जात, रूट म्हणून सबलिंग्वल, म्हणजे जिभेखालून, सगळं जागच्या जागी. मार्क देताना मी पानाच्या कडेला 'व्हेरी गुड' लिहिलेलं मला आठवत होतं. कॉरिडॉरमध्ये तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, अगं, आजोबांनी तुला फर्स्ट पासच विचारलं ना? ती माझ्याकडे बघतच राहिली. "हो की मॅम. मला येतं ते. पण ते पेपरातलं आहे ना, इथे डोक्यातच नाही आलं." आणि मी काही म्हणायच्या आत ती परत गेली आणि आजोबांच्या कॉटशी वाकून सांगायला लागली, की गिळली तर पोटातून आधी लिव्हरमध्ये जाते, तिथेच बरीचशी खर्च होते आणि पोचायलाही उशीर लागतो, जिभेखालून ती सरळ रक्तात जाते म्हणून दोन-पाच मिनिटांत काम करते, आणि आजोबा, घेताना उभे राहू नका हां, बसून घ्या, प्रेशर उतरतं, चक्कर येते. सून पिशवी भरायची थांबली आणि ऐकायला लागली. तिने विचारलं, मग दुखायचं थांबलं आणि गोळी अजून तोंडातच असली तर? मुलगी म्हणाली, उरलेली थुंकली तरी चालेल. हे तर मी शिकवलंही नव्हतं, ती कुठेतरी वाचून आली होती.

म्हणजे सगळं होतं तिच्याकडे. आणि तरी पहिल्यांदा तोंडातून आलं ते 'डॉक्टरांनी लिहिलंय'. हे मला काही केल्या सोडेना. ट्रेनमध्ये, भाजी निवडताना, रात्री झोपताना, तेच.

फर्स्ट पास शिकवताना मी पूर्वी जकात नाक्याचं उदाहरण द्यायचे. मुलुंडला, दहिसरला ट्रकच्या रांगा लागायच्या, मुंबईत माल शिरायच्या आधी नाक्यावर वसुली व्हायचीच, तसं गिळलेलं प्रत्येक औषध आतड्यातून निघालं की अंगभर जायच्या आधी लिव्हरच्या नाक्यावरून जातं. जिभेखालच्या शिरांना हा नाका लागतच नाही. एका झटक्यात कळायचं मुलींना. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात बंद झाली, आणि आता समोर बसणाऱ्या मुलींना तो नाका माहितीच नाही. उदाहरण सोडून दिलं. आता फळ्यावर सरळ आतडं, लिव्हर आणि हार्ट काढते आणि खडूने रस्ता दाखवते. तेवढं पुरतं. पण आजोबांच्या प्रश्नानंतर वाटायला लागलं, की मी रस्ता दाखवते पण त्या रस्त्याच्या टोकाला माणूस बसलाय हे माझ्या फळ्यावर कुठेच नसतं.

जनरल फार्माकोलॉजी म्हणजे पुस्तकाचा पहिला भाग, ज्यात अजून एकाही आजाराचं औषध आलेलं नसतं. औषध आत जातं कसं, पसरतं कुठे, मोडतं कुठे, बाहेर पडतं कसं, रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेला, चिकटून करतं काय, आणि एकाला लागू पडलेलं दुसऱ्याला का पडत नाही. मुलींना हा भाग कोरडा वाटतो, त्यांना लवकर 'खऱ्या' औषधांकडे जायचं असतं. बीएस्सी नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सेमिस्टरला फार्माकोलॉजीचा पहिला भाग येतो, त्याला सगळे मिळून २० तास, आणि त्या २० तासांतही ह्या जनरल भागाबरोबर अँटिसेप्टिकपासून पोटाच्या, छातीच्या, हृदयाच्या औषधांपर्यंत बरंच काही बसवायचं असतं. म्हणजे जनरलला किती मिळत असेल बघा. लेक्चर बहुतेक वेळा जेवणानंतरचं. पंखा घरघरतोय, अर्ध्या मुली सकाळी वसईहून, बदलापूरहून गर्दीत उभ्या राहून आलेल्या, काही होस्टेलच्या, नाइट ड्यूटी करून बसलेल्या, डोळे उघडे पण झोप दिसतेय. आणि मी त्यांना बायोअव्हेलेबिलिटीची, म्हणजे घेतलेल्या औषधातलं किती रक्तापर्यंत पोचतं त्याची, व्याख्या सांगतेय.

आणि तरी माझं ठाम मत आहे की सगळ्या विषयात टिकणारा भाग हाच आहे. औषधं बदलतात. मी शिकले तेव्हा ज्या गोळ्या पाठ केल्या त्यातल्या कितीतरी आज वॉर्डात दिसतही नाहीत, आणि आज ज्या रोज दिल्या जातात त्या तेव्हा निघालेल्याच नव्हत्या. पण हाफ लाइफ, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, तीच आहे. लिव्हर तिथेच आहे. उद्या एखादं पूर्ण नवीन औषध ट्रॉलीवर आलं तरी जिला जनरल नीट आलंय ती चार प्रश्न विचारू शकते: हे जातं कुठून, किती वेळ राहतं, किडनी खराब असली तर काय, आणि आधीपासून चालू असलेल्या गोळीशी ह्याचं पटतं का.

आमच्या वेळी प्रॅक्टिकलला बेडूक असायचा. त्याच्या पोटाचा एक पट्टीसारखा स्नायू काढून सलाइनच्या नळीत लटकवायचा, वर दोऱ्याने रेघ ओढणारी काडी बांधलेली, आणि समोर काजळी धरलेल्या कागदाचा ड्रम हळूहळू फिरतोय. त्या काजळीचा वास अजून नाकात आहे, बोटं, ओढणी, वही सगळं काळं व्हायचं. पिपेटने ॲसिटिलकोलीनचे थेंब सोडायचे आणि श्वास रोखून बघायचं, स्नायू आखडला की काळ्या कागदावर पांढरी रेघ वर चढायची. डोस दुप्पट केला की रेघ अजून वर. परत दुप्पट, अजून थोडी वर. आणि मग एक वेळ अशी यायची की कितीही टाका, रेघ तिथेच. मग तो कागद लाखेच्या द्रावणातून काढून वाळत घालायचा. माझ्या बेडकासाठी मला तेव्हाही वाईट वाटायचं, आता ते प्रयोग बंद झाले, सगळं कॉम्प्युटरवर आलं, ते योग्यच झालं, परत सुरू करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण ती रेघ थांबताना डोळ्यांनी बघितली होती म्हणून 'डोस वाढवला म्हणजे परिणाम वाढतोच असं नाही' हे मला कधी पाठ करावं लागलं नाही. स्क्रीनवर माउस क्लिक करून तोच ग्राफ येतो, अगदी गुळगुळीत, पण मुली त्याचा फोटो काढून जर्नलमध्ये उतरवतात आणि विसरतात. ह्याला काय करावं हे मला अजून नीट सापडलेलं नाही.

कारण ती थांबलेली रेघ लोकांच्या घराघरात हवी आहे. ताप उतरत नाही म्हणून क्रोसिनवर डोलो, त्यावर सर्दीची गोळी, आणि तिन्हीत पॅरासिटामॉलच. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, आणि दारू किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याच्याही बरंच आत थांबायचं. ताप उतरवायची ताकद एका हद्दीपाशी थांबते, लिव्हरला होणारी इजा मात्र तिथे थांबत नाही, ती चढतच जाते. हे ज्या मुलीला कळलं ती घरी जाऊन आईच्या औषधांचा डबा उघडून बघते. खरंच बघतात त्या. दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात, मॅम, आमच्याकडे एकाच औषधाच्या तीन नावांच्या स्ट्रिप निघाल्या.

घरचा डबा हे माझं लाडकं पाठ्यपुस्तक आहे. माझ्या आईला थायरॉईडची गोळी आहे आणि ती वर्षानुवर्षं ती सकाळच्या चहाबरोबर घ्यायची, कारण गोळी आणि चहा दोन्ही 'सकाळचं'. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काही सुधारत नव्हता. गोळी उपाशी पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने, एवढाच बदल केला आणि टीएसएच, म्हणजे रिपोर्टमधला थायरॉईडचा आकडा, खाली यायला लागला. आईला पटत नव्हतं, तिचं म्हणणं चहाने कुठे काय होतं. मग तिला दुसऱ्याच गोष्टीचा राग, की डॉक्टर डोस बदलून दीड महिन्याने परत तपासायला का सांगतात, आठवड्यात का नाही. मी तिला सांगितलं, ह्या गोळीची हाफ लाइफ साधारण ७ दिवस, म्हणजे आज घेतलेल्यातली अर्धी आठवड्यानेही अंगात असते, आणि कुठल्याही औषधाची पातळी स्थिर व्हायला चार-पाच हाफ लाइफ लागतात, सात पंचे पस्तीस, म्हणून महिना-दीड महिना. आई हिशोबाला पक्की, तिने मनातल्या मनात केलं आणि म्हणाली, हे आधी सांगितलं असतं कुणी तर मी कशाला चिडले असते. वर्गात हाफ लाइफ आता मी इथूनच सुरू करते. समोर पॅरासिटामॉल ठेवायचं, ज्याची दोन-तीन तास, म्हणून ते दिवसातून तीन-चारदा. आणि डिगॉक्सिन, हृदयाचं औषध, ज्याची दीड दिवसाच्या आसपास, म्हणून ते एकदा, आणि देण्याआधी नाडी मोजायची, साठच्या खाली असली तर हात थांबवायचा आणि डॉक्टरांना कळवायचं. हे थांबवणं कुणाचं काम? प्रिस्क्रिप्शन लिहिणारा सकाळचा राउंड घेऊन गेलेला असतो. नाडीवर बोट हिचंच असतं.

मला हेच म्हणायचंय. नर्सिंगला, फिजिओला, लॅबच्या मुलांना शिकवायची फार्माकोलॉजी ही एमबीबीएसच्या पुस्तकातली पानं गाळून तयार होत नाही. डॉक्टर औषध निवडतात. नर्स ते देते आणि दिल्यावर काय झालं ते बघते, पुढचे आठ तास तीच असते. फिजिओची मुलगी ते औषध अंगात असलेल्या माणसाला चालवते. लॅबमधला मुलगा तेच औषध आकड्यात बघतो. ह्या तिघांना लागणारे प्रश्न वेगळे आहेत, डॉक्टरांच्या प्रश्नांहून छोटे नाहीत.

फिजिओच्या वर्गात बीटा ब्लॉकर हा शब्द आला की मुलं ब्लडप्रेशर, अंजायना असं लिहून घेतात आणि पान उलटतात. मी थांबवते. समोर बायपास झालेले काका आहेत, मेटोप्रोलॉल ह्या बीटा ब्लॉकरवर आहेत, तुम्ही त्यांना ट्रेडमिलवर चालवताय, वयावरून टार्गेट हार्ट रेट काढलाय आणि काकांची नाडी तिथे पोचतच नाहीये. आता काय करणार? वर्गातून हमखास उत्तर येतं, स्पीड वाढवू. रिसेप्टर आधीच अडवून ठेवलाय, ॲड्रिनलिनने कितीही हाका मारल्या तरी हार्ट त्या वेगाला जाणारच नाही, आणि तुम्ही काकांना पळवताय. तिथे आकडा बाजूला ठेवून माणसाला विचारायचं, किती दम लागतोय, त्यासाठी बोर्ग स्केल आहे. हे ऐकताना वर्ग एकदम जागा होतो. लॅबच्या मुलांना मी केस गळतीच्या गोळ्यांतलं बायोटिन सांगते, ते काही मशीनवर थायरॉईडचा रिपोर्टच चुकीचा दाखवू शकतं, म्हणून रक्त घेताना विचारा, केसांसाठी काही घेता का. एवढा एक प्रश्न.

डायक्लोफिनॅक शिकवताना मात्र मी मलबार हिलला जाते. लहानपणी हँगिंग गार्डनला नेलं की वर आकाशात गिधाडं घिरट्या घालताना दिसायची, खाली पारशी लोकांची डुंगरवाडी, जिथे ते मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवतात. मग ती दिसेनाशी झाली. खूप वर्षं कुणाला कळेना का. २००४ मध्ये संशोधन पुढे आलं की गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांच्या किडन्या बंद पाडतं, आणि २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. जे औषध आपण कंबर धरली की केमिस्टकडे नुसतं नाव सांगून आणतो, तेच. रेणू तोच, फरक फक्त ज्या शरीरात गेलं त्या शरीराचा. आणि शहरातल्या एका अख्ख्या समाजाची शेकडो वर्षांची अंत्यविधीची रीत त्यामुळे अडचणीत आली. मुलांना मी म्हणते, आता तुमच्या वॉर्डात या. किडनी आधीच कमकुवत असलेल्या आजी, गुडघे दुखतात म्हणून रोज दोन गोळ्या, कुणालाही न सांगता. त्यांना विचारणारं कोण आहे? तुम्ही.

परळला शिकवते म्हणून केईएमचा उल्लेख झाल्याशिवाय राहत नाही. तिथे काम करणारे डॉ. रुस्तम जल वकील, ह्यांनी सर्पगंधेचा ब्लडप्रेशरवरचा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला, आणि १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्याकडे वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते ती मुळी, डॉ. वकिलांनी ती मोजली. नंतर त्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. मला हे औषध शिकवायला फार आवडतं, जवळजवळ कुणी वापरत नाही आता तरी. कारण रक्तातून ते निघून गेल्यावरही त्याचा परिणाम बराच काळ राहतो, नसांच्या टोकांतला ॲड्रिनलिनसारखा साठाच ते रिकामा करून टाकतं आणि तो परत भरायला वेळ लागतो. म्हणजे हाफ लाइफ कळली म्हणून सगळं कळलं असं नाही, औषध गेलं तरी त्याने केलेलं काम मागे राहू शकतं. आणि ह्याच औषधावर काही पेशंट उदास व्हायचे, गप्प गप्प. बीपीच्या आकड्यात हे कुठे दिसणार? ते दिसतं रोज चादर बदलणाऱ्या माणसाला.

जे.जे. हॉस्पिटलचं १९८६ पण सांगते, थोडक्यात, कारण सांगताना माझा आवाज नीट राहत नाही. पेशंटना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल, किडन्या बंद पाडणारं विष, होतं, १४ माणसं गेली, चौकशीला लेंटिन आयोग बसला. औषध बरोबर, डोस बरोबर, पेशंट बरोबर, आणि बाटलीत भलतंच. लघवी कमी झाली, होत नाहीये, ही नोंद इनटेक-आउटपुटच्या चार्टवर कोण करतं हे मुलींना मला सांगावं लागत नाही.

आता एक अगदी हातातली गोष्ट. मी वर्गात दोन इन्सुलिन सिरिंज नेते, एक लाल टोपणाची आणि एक केशरी. मागच्या बाकापर्यंत फिरवते. लांबून सारख्याच. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुपीत एका एमएलला ४० युनिट असतात किंवा १०० युनिट, दोन्ही बाजारात आहेत, आणि लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. मग फळ्यावर लिहिते: २० युनिट द्यायचेत, कुपी १०० ची आहे, हातात सिरिंज लाल आली, तू विसाच्या रेघेपर्यंत भरलंस, किती गेलं? आधी सगळ्या म्हणतात वीस. मग एखादी सावकाश, स्वतःशीच, विसावी रेघ म्हणजे अर्धा एमएल... अर्ध्या एमएलला पन्नास. वर्ग गप्प होतो. पन्नास युनिट. अडीच पट. त्यानंतर मला 'डोस' ह्या विषयावर फारसं बोलावं लागत नाही, त्या सिरिंज हातात फिरवून रेघा मोजत बसतात.

आणि खलबत्ता. राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात घातलेली नळी, असलेल्या पेशंटच्या गोळ्या कुटून पाण्यात कालवून नळीतून सोडतात, रोजचं काम आहे, मुली अगदी मन लावून बारीक कुटतात. त्यात नावापुढे एसआर किंवा एक्सएल लिहिलेली गोळी आली तर? जी दिवसभर थोडीथोडी सुटावी म्हणून बनवली ती कुटल्यावर एकदम सगळी सुटते, दिवसभराचं औषध तासाभरात. वरचं आवरण पोटातल्या ॲसिडपासून वाचवण्यासाठी असलेली ॲसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल कुटली तर ती पोटातच मरून जाते, दिली काय न दिली काय. ॲब्सॉर्प्शनचा अख्खा धडा त्या खलबत्त्यात आहे. आणि पुस्तकात तो पचनसंस्थेच्या आकृतीखाली, जिथे कुणाला खलबत्ता आठवणार नाही. वॉर्डात सिनियर सिस्टरना हे सगळं माहीत असतं, त्या न शिकवता शिकवतात, "ए, ती नको कुटू, फोन करून दुसरी लिहून घे". पण का नको, हे विचारायला नव्या मुलीला धीर होत नाही, आणि सिस्टरच्या हाताखाली चाळीस कॉट असतात, सांगायला वेळ नसतो. दोन्ही बाजू मला कळतात. त्या मधल्या जागेत मला उभं राहायचं आहे, आणि माझ्याकडे २० तास आहेत.

आजोबांचा प्रश्न सुटला नाही डोक्यातून म्हणून मी मग एक सुरू केलं. प्रत्येक मुलीने पोस्टिंगवरून येताना पेशंटने किंवा नातेवाइकाने विचारलेला एक प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून आणायचा. सुरुवातीला मुली म्हणाल्या, मॅम, पेशंट काही विचारतच नाहीत. आठवडाभराने वही भरायला लागली. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलला पोस्टिंग असलेल्या मुलीने आणलं: 'लघवी केशरी होतेय, रक्त पडतंय का?' रिफॅम्पिसिनने होते ती, आणि आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून गोळ्याच टाकून देतो, टीबीत ते किती महाग पडतं हे मुंबईत कुणाला सांगायला नको. एकीने आणलं: 'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, पालक खाऊ का?' एकीने: 'ही गोळी गरम पडते, दुधातून घेऊ?' ह्या शेवटच्यावर आम्ही अख्खं लेक्चर घालवलं, कारण काही गोळ्या खरंच पोटाला लागतात आणि खाऊन घ्याव्यात, आणि टेट्रासायक्लिनसारखी काही दुधातल्या कॅल्शियमला धरून बसतात आणि आत जातच नाहीत. म्हणजे घराघरातलं 'गरम पडतं' उडवून लावायचं नाही, त्याच्या आत शिरायचं, कुठल्या गोळीबद्दल बोलताय काका, ते विचारायचं.

सगळं छान चाललंय असं नाही. काही मुली प्रश्न मनाने बनवून आणतात, ते लगेच कळतं, त्यात पेशंट फार शुद्ध बोलतो. आणि एक भीती मला खरीच वाटते, की उत्तर द्यायच्या उत्साहात कुणी चुकीचं सांगून बसेल. म्हणून नियम केलाय, माहीत नसेल तर 'विचारून सांगते' म्हणायचं आणि त्याच दिवशी परत जाऊन सांगायचं. परत जाणं महत्त्वाचं. एकजण सांगायला गेली तर कॉट रिकामी होती, डिस्चार्ज झालेला, तिने केस पेपरवरचा नंबर सिस्टरच्या परवानगीने काढून फोन केला.

ह्या वेळच्या इंटर्नल पेपरचा पहिला प्रश्न मी बदललाय. आधी तिथे असायचं, 'हाफ लाइफची व्याख्या द्या व महत्त्व लिहा'. आता आहे: 'पेशंट म्हणतो, सिस्टर, प्रेशरची ॲटेनोलॉल चालू होती, पण आता बरं वाटतंय म्हणून परवापासून बंद केली, चालेल ना? त्याला काय सांगाल आणि का, पेशंटशी ज्या भाषेत बोलाल त्याच भाषेत लिहा. १० मार्क.' मला उत्तरात बघायचंय की कुणी ओरडत नाही ना, कुणी नुसतं डॉक्टरांना विचारा म्हणून सोडत नाही ना, आणि कितीजणी लिहितात की ही बीटा ब्लॉकर आहे, इतके दिवस अडवून ठेवलेले रिसेप्टर संख्येने वाढलेले असतात, गोळी एकदम थांबली की ॲड्रिनलिनला ते सगळे एकदम मोकळे मिळतात, नाडी धावते, प्रेशर उसळतं, छातीत दुखूही शकतं, म्हणून बंद करायची झाली तरी डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करत. भाषेबद्दल सहकाऱ्यांपैकी एकीने हरकत घेतली, उत्तरपत्रिका इंग्रजीतच हवी म्हणाली. आमचं बोलणं अजून चालू आहे. पेपर पुढच्या शुक्रवारी आहे.